इंग्रजीतून दिलेला अर्ज

आमच्या इंग्रजीच्या सरांकडून मुद्दे मांडल्याशिवाय पाण्याचा पेलासुद्धा कुणाला मिळाला नसता. रजेच्या अर्जात आम्ही पिढ्यान् पिढ्या चालत आलेला ताप लिहायचो आणि सर तो तसाच परत करायचे. "ह्यात पटण्यासारखं काय हाय? मी न्हाय म्हणंल ते कशामुळं, ते आधी लिही." जळोचीहून येणाऱ्या एका मुलीने मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, की धडा उद्याही शिकवता येतो, पण भेंडी तोडायची एक दिवस राहिली तरी निबर होते. सरांनी तो अर्ज वर्गात दोनदा वाचला, रजा दिली आणि ती परत आल्यावर तिच्यासाठी अख्खा धडा पुन्हा शिकवला. आम्हीही बसलो, कुरकुरत.

कवितेला तर ते मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकायचे. वाचून झालं की पुस्तक मिटून विचारायचे, "बोलतंय कोण?" आम्ही एका सुरात म्हणायचो, "कवी!" "कवी जेवून झोपलाय त्याच्या घरी. हितं कोण बोलतंय?" ते बोलणारं माणूस सापडेपर्यंत सुटका नसे. मुलाची वाट पाहणाऱ्या आईची एक कविता त्यांनी स्वतः ती आईच होऊन वाचली. झुपकेदार मिशांचा, लोणी भापकरचा तो गडी खिडकीशी उभा राहून इंग्रजीत लेकाला हाका मारत होता, आणि वर्गात एकालाही हसू आलं नाही. दिवाळी आली तेव्हा आमच्या दोनच कविता झाल्या होत्या.

वर्ष दहावीचं. पालक बिथरले. वर्ग दुसऱ्या शिक्षकांकडे द्यावा, असा अर्ज शाळेला द्यायचं ठरलं. वडील मला म्हणाले, "इंग्रजीतनं दिला तर वजन पडंल. तूच लिही." मला नाही म्हणता आलं असतं. पण चार मोठी माणसं माझ्या पेनाकडे बघत होती आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी अगदी सरांच्या पद्धतीने लिहिलं. आधी त्यांचे गुण मोकळेपणाने मान्य केले, मग एकेक करून बाजूला सारले. आठवड्यात वर्ग बदलला. नव्या सरांनी फळ्यावर उत्तरं लिहून दिली, मला मार्कही भरपूर पडले. आमचे सर पाचवीला स्पेलिंगं शिकवू लागले. त्या अर्जाची मला आजही लाज वाटते.

आता मी लोणी देवकरला कारखान्यात नोकरी करतो. सर निवृत्त झाल्याचं कळलं तेव्हा गाडी काढून लोणी भापकरला त्यांच्या घरी गेलो आणि उंबऱ्यातच सांगून टाकलं, "सर, तो अर्ज मी लिहिला होता."

"पहिल्याच ओळीत वळखलं मी. बस."

"हेडसरांनी तुमच्याकडं उत्तर मागितलं होतं ना? तुम्ही दिलंच नाहीत."

"लिवायला बसलो हुतो. पर तुझं वाचता वाचता मलाच पटलं, की आपलं शिकवणं पोरांच्या कामाचं न्हाय."

"सर, त्यातलं एक वाक्यसुद्धा मला पटलेलं नव्हतं."

सर अगदी हळू म्हणाले, "तवाच यायचं की रं सांगायला."