तापीच्या पुरासाठी मालवणला

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावी तापीच्या राजघाटावर एक जण बुडाला. आम्हा पोहणाऱ्यांच्या गटानं दोन दिवस शोधलं. नंतर कळलं, गढूळ पाण्यात आम्ही त्याच त्या जागी घिरट्या घालत होतो. मला फार लाज वाटली. स्कूबाचं पहिलं सर्टिफिकेट माझ्याकडे होतं, पण गटाचे म्होरके भय्याजी ऐकेनात. "मॅडम, पहले पानी के नीचे दिशा सीखके आओ, तब बाढ़ में उतरने देंगे."

दिवाळीच्या सुट्टीत निघाले. आमच्या गावच्या लालबाग स्टेशनवरून (मुंबईचं नव्हे) कल्याण, तिथं गाडी बदलून कुडाळ, पुढे एसटीनं मालवण. आरक्षण लवकर करा, नाहीतर माझ्यासारखं बॅगेवर बसून जाल. साधी खोली हजारात मिळते. मी शाकाहारी, त्यामुळे चार दिवस सोलकढी-भात आणि घरमालकीणबाईंची कीव यांवर काढले.

पाण्याखाली दिशा शोधण्याचा कोर्स चार दिवसांचा. पहिल्या दिवशी वाळूवर कवायत. समोरचं दिसू नये म्हणून डोक्यावरून टॉवेल, हातात होकायंत्र. तीस पावलं जायचं, वळून तीस यायचं. मी दर वेळी भलतीकडेच पोचायचे. दोष टॉवेलला दिला.

पाण्याखाली पावलांऐवजी पाय मारलेले मोजायचे आणि परत नांगराच्या दोरीशी यायचं. दोन दिवसांत दोनदा चुकले. वर यावं तर बोट कुठच्या कुठे. बोटीवर रडले, खोटं कशाला सांगू? आता एकच डुबकी उरली होती.

शिकवणारे दाजी मालवणचेच. त्यांनी माझा हात धरला. "ह्यां काय बोटात?"

घोड्याच्या नालेची अंगठी. निघताना आईनं घातली होती, पाण्यात शनीनं सांभाळावं म्हणून. दाजींनी होकायंत्र तिच्याजवळ नेलं आणि सुई ढळली. अस्सल लोखंड! आणि मी शाळेत आठवीला चुंबकत्व शिकवते.

अंगठी काढून बॅगेत टाकली. शेवटच्या दिवशी पाणी गढूळ होतं, हातभर पलीकडचं दिसेना. येताना अठ्ठावीस, एकोणतीस मोजलं, हात पुढे केला आणि दोरी लागली. पास झाले.

घरी, आमच्या राजपुरा मोहल्ल्यात, आईनं आधी रिकामं बोट पाहिलं. सगळं सांगितलं.

"म्हणजे बेटा, मीच तुला भटकवलं."

"नाही गं आई, अक्कल मला हवी होती."

तिनं देवघरातून काळा दोरा आणला. माझं होकायंत्र मागून घेतलं, दोरा त्यावरून दोनदा फिरवला आणि चष्मा लावून सुईकडे पाहत राहिली. सुई जागची हलली नाही. मग तो माझ्या मनगटाला बांधत म्हणाली, "आता उतर पुरात."