साहेबांची खुर्ची

शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या जिभेला हाड नव्हतं, आणि तेच स्वस्त भाड्याच्या त्या सरकारी इमारतीच्या कामी आलं. इमारतीची खोड एकच. दुरुस्ती खात्याचे साहेब तपासणीला येणार म्हटलं की सगळे आपापलं घर लख्ख करायचे आणि गळतीखालच्या बादल्या लपवायचे. पाहुण्याला पसारा कसा दाखवायचा? साहेब चहा पिऊन "छान ठेवलंय हो घर" म्हणत जायचे आणि छतं आपली गळतच राहायची.

या खेपेला मावशींनी जिन्यातच सगळ्यांना फैलावर घेतलं. "अब्रू झाकण्यात जन्म गेला तुमचा! बादल्या लपवा खुशाल, पण बादलीच्या जागी साहेबांची खुर्ची मांडा."

साहेब आले, मावशींकडे बसले. चहाचा पहिला घोट घेतला, तोच वरून टपकन एक थेंब कपात पडला. मग दुसरा, थेट टकलावर.

"निवांत प्या," मावशी म्हणाल्या. "आमच्याकडे कप रिकामा होत नाही."

साहेब चष्मा पुसत उठले. दारात शेजारीण हसतमुख उभी होती.

"आता आमच्याकडे हं, साहेब. खुर्ची मांडून ठेवलीय."