मागून आणलेलं झबलं

माझ्याकडे एके काळी एक शर्ट होता. सुती, पांढरा, बारीक निळ्या रेघांचा. नोकरीत कायम झालो तेव्हा शहापूरच्या एसटी स्टँडमागच्या शिंप्याने तीन आठवडे लावून तो शिवला, आणि द्यायच्या दिवशी त्याची काजं करायची राहिली होती. पहिली दोन वर्षं तो फक्त लग्नाला आणि शाळेत तपासणी असली की अंगावर चढायचा. मग रोजच्या वापरात आला आणि खडूच्या भुकटीने मूळच्याहून पांढरा झाला. कॉलर विरली तेव्हा बायकोने ती उलटून शिवून आणली. पुढे कोपरं गेली, तो घरात घालायचा झाला, आणि एका जून महिन्यात शेवळाची रानभाजी विकायला येणाऱ्या बाईच्या टोपलीत गेला. माझ्या लेखी त्याची गोष्ट तिथे संपली.

ही बाई किन्हवलीच्या पुढे, मुरबाडच्या रस्त्यापासून आत असलेल्या एका वाडीतली. मे महिन्यात करवंदं, पावसाळ्याच्या तोंडाला शेवळं, थंडीत वालाच्या शेंगा. बाजारात बसायच्या आधी ती आमच्या ओट्यावर टोपली टेकवायची, चहा घ्यायची, बायकोला तिच्या मालातलं काहीतरी द्यायची आणि जुने कपडे घेऊन जायची. वीस वर्षं मी याला मदत समजत होतो. ‘ती फुकट कुठे घेते?’ असं बायको म्हणायची, ते मी कधी नीट ऐकलं नाही.

निवृत्तीच्या आधी दोन वर्षं आम्ही शाळेतर्फे त्याच वाडीवर ‘वस्त्रदान सोहळा’ केला होता. त्यात वस्त्रं बरीच होती, पण सोहळा जास्त होता. बॅनरवर देणाऱ्यांचे सात फोटो होते. घेणारे दीड तास उन्हात उभे होते, कारण प्रमुख पाहुणे अजून आसनगावलाच होते. मी त्यागावर पंचवीस मिनिटं बोललो. गाठोड्यांतून एक शेरवानी, चार टाय आणि एका वकिलाचा काळा कोट निघाला. तो कोट पुढे काकडीच्या मळ्यात बांबूवर उभा असलेला मी बसमधून पाहिला. पाखरं त्याला बऱ्यापैकी मान देत होती.

माझी मुलगी ठाण्याला नोकरी करते. तिचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. दुसरं जन्मलं, आणि सहाव्या दिवशी गेलं. तिसऱ्या वेळी नववा लागल्यावर ती आमच्याकडे आली. जावयाने सोबत बाळाच्या कपड्यांची मोठी पिशवी दिली होती. ती तिने खोलीच्या कोपऱ्यात ठेवली आणि उघडली नाही. दोन दिवसांनी मी विचारलं, तेव्हा कळलं. शेजारच्या काकूंनी तिला सांगितलं होतं की ज्या घरातली सगळी पोरं जगली आहेत, त्या घरून जुनं झबलं मागून आणायचं आणि बाळाच्या अंगाला पहिलं तेच लावायचं. कुणी आणून दिलेलं चालत नाही. घरातल्या मोठ्या माणसाने त्या घरी जाऊन तोंडाने मागावं लागतं.

असल्या गोष्टींविरुद्ध मी आयुष्यभर वर्गात बोललो आहे आणि मुलीने ते सगळं ऐकलं आहे. माझ्या वर्गात असताना उलटे प्रश्न विचारणारी तीच एक होती. मागच्या वेळी डॉक्टरांनी बाळाच्या फुप्फुसांबद्दल जे सांगितलं होतं ते मी तिला पुन्हा समजावून सांगू लागलो. तिने मला पूर्ण बोलू दिलं.

“मला पटत नाही, बाबा,” ती म्हणाली. “पण मागच्या वेळी सगळे कपडे नवीन होते. तुम्ही आणा.”

दुसऱ्या दिवशी मी मुरबाडच्या बसमध्ये बसलो. कुणाकडे जायचं हा प्रश्न नव्हता. शेवळंवालीची पाचही पोरं जगली होती, हे बायकोला माहीत होतं.

अंगणात भाताची झोडणी चालली होती. नातवंडं पेंढ्याच्या गंजीवर चढत होती आणि पडत होती. मी मोजायचा प्रयत्न केला, पण एकही जागेवर थांबेना. शेवळंवालीने सुनेला चहा टाकायला सांगितलं आणि मला खाट दिली. तिच्या नवऱ्याने हातातला पेंढा खाली ठेवून माझ्या मागे, रस्त्याकडे पाहिलं.

“बॅनर नाय आनला?” त्याने विचारलं.

शेवळंवालीने त्याला गप्प बसायला सांगितलं, पण हसू तिलाही आवरलं नव्हतं. मी पाणी प्यायलो. यंदाच्या भाताची चौकशी केली. मग मुलीचं सांगायला लागलो. आधीची दोन बाळं, डॉक्टर, वजन, रिपोर्ट. मग या प्रथेबद्दल बोललो. म्हणजे तिच्यामागे विज्ञान कसं असू शकेल, जुनं सुती कापड अनेकदा धुऊन मऊ होतं, नव्या कापडाची खळ बाळाच्या कातडीला कशी सोसत नाही, आणि आपल्या पूर्वजांनी कदाचित याच विचाराने... ती उकिडवी बसून ऐकत होती. चहा आला, निवला.

“गुरुजी,” ती म्हणाली, “तुमी मागायला आलाव का शिकवायला?”

आयुष्यात मी काही मागितलंच नव्हतं असं नाही. वेतनश्रेणी मागितली होती, बदली मागितली होती. पण ते अर्जावर, योग्य मार्गाने. असं खाटेवर बसून, समोरच्या माणसाकडे बघत मागायची वेळ आली नव्हती. शिवाय तिला हाक काय मारायची हेही मला ठाऊक नव्हतं. वीस वर्षं मी तिला ‘अगं’ म्हणत आलो होतो. मी खाटेवरून उठलो.

“बाई, तुमच्या घरातलं एक झबलं द्या,” मी म्हणालो. “आमच्या बाळासाठी.”

ती लगेच आत गेली. पत्र्याच्या पेटीतून एक झबलं काढून आणलं आणि माझ्या हातावर ठेवलं. इतकं मऊ होतं की हातात काही आहे असं वाटेना. रंग म्हणावा असा उरला नव्हता. तिने विचारलं, ओळखलंत का. मी नाही म्हणून मान हलवली. तेव्हा तिने खालची दुमड उलगडून दाखवली. आत, जिथे ऊन लागलं नव्हतं तिथे, बारीक निळ्या रेघा होत्या.

मग तिने माझ्या शर्टाचं पुढचं आयुष्य सांगितलं. तिच्या नवऱ्याने तो चार वर्षं आवणीला घातला, म्हणजे भातलावणीच्या चिखलात. पुढच्या भागाची चाळण झाली, ती जमीन सारवायला गेली. बाह्यांची चुंबळ झाली आणि माझ्याच ओट्यावर अनेकदा टेकलेल्या टोपलीखाली डोक्यावर बसली. खिसा नवऱ्याने तंबाखूला ठेवला. पाठ मात्र शाबूत होती. त्या पाठीची दोन झबली निघाली. एक नणंदेकडे गेलं, एक हे.

यावर मला जे सुचलं ते सांगायची आज लाज वाटते. मी म्हणालो, मग हे आमचंच झालं. आमचीच वस्तू आमच्याकडे आली तर ती मागून आणलेली कशी धरायची? ते चालेल का? पस्तीस वर्षं अंधश्रद्धेवर व्याख्यानं देणारा माणूस पेंढ्यात उभा राहून नियमाचा अर्थ विचारत होता.

“चार पोरं मुतलीत त्यात,” ती म्हणाली. “आता तुमचं कसं?”

नवरा मोठ्याने हसला. मालकी हक्काबद्दल यापेक्षा स्वच्छ निकाल मी वाचलेला नाही. निघताना तिने एक अट घातली. झबलं परत आणून द्यायचं, कारण शिमग्याच्या सुमाराला तिच्या सुनेचे दिवस भरत होते. मी तिला इतके कपडे दिले, परत कधीच मागितले नव्हते. त्यातला एकही मला पुन्हा लागणार नव्हता, हे मला बसमध्ये सुचलं.

घरी येऊन मी मुलीला सगळं सांगितलं, माझी शंका आणि तिच्यावरचा निकाल यांसह. त्या महिन्यात ती पहिल्यांदा हसली.

मुलगी झाली. झबलं अंगात ढगळ झालं. पाच दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. सहाव्या दिवशी सकाळी मी वर्तमानपत्र उघडून बसलो आणि दुपारी लक्षात आलं की ते कालचं आहे. डॉक्टर येऊन गेले, सगळं ठीक म्हणाले. मुलीने त्यांना तीनदा विचारलं. सातव्या दिवशी सकाळी आतून बायकोची हाक आली. मी धावत गेलो. झबलं ओलं होतं.

“पाचवं,” माझी मुलगी म्हणाली, आणि उशीत तोंड खुपसून बराच वेळ रडली.

सव्वा महिना झाल्यावर झबलं परत करायची वेळ आली. मुलीला ते सोडवणार नाही, असं मी धरून चाललो होतो. म्हणून शहापूरच्या बाजारातून शेवळंवालीच्या सुनेसाठी अर्धा डझन नवी झबली घेऊन आलो. हे ठेवून ती द्यावीत, असा माझा बेत. मुलीने पुडा पाहिला.

“नवीन कशाला देताय त्यांना?” तिने विचारलं. तिने जुनं झबलं घडी करून पिशवीत ठेवलं, बाळाला टोपडं बांधलं आणि आपणच येते म्हणाली.

वाडीवर पोचलो तेव्हा शेवळंवाली वाल सोलत होती. तिने बाळाला मांडीवर घेतलं, कान पाहिले, पाय ओढून पाहिले. माझी मुलगी पिशवीतून झबलं काढू लागली, तेव्हा तिने हाताने थांबवलं आणि सुनेला बाहेर बोलावलं. सून अवघडून दारात उभी राहिली.

“तिच्याकडं माग,” शेवळंवाली म्हणाली. “तोंडानं माग.”

सुनेने माझ्या मुलीकडे पाहिलं आणि हळू आवाजात झबलं मागितलं. माझ्या मुलीकडे आजवर कुणी असं काही मागितलं नव्हतं. तिच्या घराबद्दल लोक उलटच बोलत आले होते. तिने पिशवीतून घडी बाहेर काढली, हाताने सारखी केली. मग तिने झबलं सुनेच्या हातावर ठेवलं.

“परत मात्र द्यायचं,” ती म्हणाली.