होटगीची म्हैस आणि माझी प्रार्थना

सोलापूर झोपेत मागे पडलं आणि मी होटगीला उतरलो. निघताना मीच बायकोला सांगितलं होतं की सोलापूर हे काही चुकण्यासारखं स्टेशन नाही.

पिशवीत बावीस पानांचं प्रवचन होतं. विषय: 'विश्वास ओठांत नव्हे, हातांत'. सोलापूरच्या एका मंडळीने (चर्चच्या सभासदांना आम्ही मंडळी म्हणतो) मला सुगीच्या उपासनेला बोलावलं होतं. त्या रविवारी लोक पिकातला पहिला वाटा, कुणी ज्वारी, कुणी भोपळा, कुणी जिवंत कोंबडी, देवापुढे आणून ठेवतात. आमच्या नगरच्या चर्चमध्ये माझ्या प्रार्थनेची ख्याती आहे. जेवणाआधी मला प्रार्थना सांगितली की बायका कालवणाचं पातेलं परत गॅसवर चढवतात. याला मी आजवर कौतुकच समजत आलो.

होटगीच्या फलाटाबाहेर चहाच्या टपरीवर एकाने कानडीत आणि दुसऱ्याने मराठीत मला एकच गोष्ट सांगितली, सोलापूर मागं गेलं. फोन लावल्यावर कळलं की मंडळीचे वडील (चर्चचे कारभारी) याकोबराव होटगीतच राहतात. रेल्वेच्या रुळांवर उभा जन्म काढून निवृत्त झालेला माणूस. ते म्हणाले, "हलू नका. तुमी हलला की कुटं जाल सांगता येत न्हाय."

पंधरा मिनिटांत ते मोटारसायकलवर आले. मागून दुसऱ्या गाडीवर त्यांचे रेल्वेतले दोन जोडीदार, तिघेही कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. उपासना दहाला होती, आठ वाजले होते. सगळं अगदी वेळेत चाललं होतं, असं मी मनात म्हटलं आणि गाव संपता संपता याकोबरावांनी ब्रेक दाबला.

रस्त्याकडेला मल्लव्वा उभी होती. एकटी बाई, याकोबरावांकडे दुधाचा रतीब घालणारी. तिची एकुलती एक म्हैस, दिवस भरत आलेली गाभण, संडाससाठी खणलेल्या खड्ड्यात पहाटेच घसरली होती. खड्ड्यात पावसाचं पाणी आणि वर चिकणमाती. मल्लव्वाने एकटीने कुदळीने एका बाजूला उतार केला होता, पण म्हशीला त्यावरून वर काढायला ओढणारे हात नव्हते. ती रडत नव्हती. नुसती म्हशीच्या पोटाकडे बघत होती.

याकोबरावांनी गाडी उभी केली. शर्ट काढून बाभळीला अडकवला, दोर मागवला, म्हशीच्या पुढच्या पायांमागून फिरवून बांधला आणि तिघांनी ओढायला घेतलं. म्हैस एक-एक पाऊल उतारावर यायला लागली. एक जण मला म्हणाला, धरा की जरा. मी माझ्या पँटकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि वाटलं की ज्याने त्याने आपल्याला जमतं ते करावं. म्हशीचे पुढचे खूर खड्ड्याच्या काठाला लागले होते. मी हात उंचावून व्यासपीठावरच्या आवाजात म्हणालो, "आपण प्रार्थना करू या."

तिघांनी तत्क्षणी दोर सोडला, डोळे मिटले आणि हात जोडले.

मोठा आवाज झाला. माझेही डोळे मिटलेले होते, त्यामुळे मला वाटलं वातावरणात काहीतरी घडतंय. माझा आवाज चढला. म्हशीसाठी मागितलं, मल्लव्वासाठी मागितलं, मग ओघातच पाऊसपाणी, राज्यकर्ते आणि परदेशात नोकरीला असलेली आमची मुलं घेतली. आमेन होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत, ही त्या तिघांची लहानपणापासूनची शिस्त. खालून म्हशीचं फुत्कारणं ऐकू येत होतं. मध्येच मल्लव्वाने विचारलं, "मुगीता?" (संपलं का?) मी विधवा आणि अनाथ यांच्याकडे वळलो.

आमेननंतर पाहिलं तर म्हैस पुन्हा तळाशी, आता एका कुशीवर. मल्लव्वा परत कुदळ घेऊन उताराला भिडली होती. आणखी एकदा ओढायचं तर मागून कुणीतरी रेटायला हवं होतं, आणि चौघांत वजनदार कोण हे सांगावं लागलं नाही. मी बूट काढले आणि पिशवी खांद्यालाच ठेवून खड्ड्यात उतरलो. गुडघाभर गाळ, तोंडावर शेपटीचे फटके. खांदा लावून डोळे उघडे ठेवून रेटत राहिलो. तोंडातून जे निघत होतं ते प्रार्थनेत बसणारं नव्हतं. दोनदा ती माझ्यावरच बसली. तिसऱ्यांदा वर गेली, मल्लव्वाने तिच्या पोटाला कान लावला आणि मान हलवली. आत हालचाल होती.

मला मात्र तो उतार चढता येईना. तोच दोर माझ्या काखेतून घातला. याकोबराव जोडीदारांना म्हणाले, "ह्यांना वर घेईस्तवर परार्थना कुणीबी करायची न्हाय."

चर्चमध्ये पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. मंडळींची गाणी संपून पहिल्यापासून पुन्हा सुरू झाली होती. मी अनवाणी, अंगाला शेणमातीचा दरवळ. बावीस पानं चिखलात एकमेकांना चिकटून त्यांची एकच जाड भाकरी झाली होती. मी चार वाक्यं बोललो, त्यातली दोन खड्ड्याबद्दल, आणि खाली बसलो. बायकांनी वाढलेली हुग्गी (गव्हाची खीर) चक्क गरम होती. मी बोललो आणि तरीही जेवण गरम राहिलं, असं पहिल्यांदाच झालं.

परतीच्या गाडीत झोप आली नाही. देवाला माझी प्रार्थना ऐकू आली, याविषयी मला शंका नाही. फक्त तिचं उत्तर त्याने तीन माणसांच्या रूपात आधीच पाठवलं होतं, आणि मी त्यांना हात जोडायला लावले.

आठवड्याने याकोबरावांचा फोन आला. म्हैस व्याली, रेडी झाली, दोघी धडधाकट. मी भीत भीत विचारलं, मल्लव्वा माझ्याबद्दल काही म्हणाली का?

"व्हय. म्या म्हणलं, पावण्याची आठवण म्हणून तुमचं नाव ठेव रेडीला. नको म्हणली. ही आपली आपण उभी राहिली म्हणं."