अडुळशाचं कुंपण

अण्णांनी दारातलं अडुळशाचं कुंपण उपटलं, ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. अण्णा म्हणजे माझे वडील. ऑफिसातले साहेब चहाला येणार होते, आणि साहेबांना दारात रानटी झुडूप दिसलं तर यांची म्हणे अब्रू जाणार होती. "घर स्वल्प नीटनेटकं दिसू दे," आमच्या घरच्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाले, आणि माणूस लावून सगळं मुळासकट काढलं. तिथं रंगीबेरंगी क्रोटन आले. साहेब आलेच नाहीत.

अडुळसा बारा महिने हिरवा. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला तोच. कच्ची केळी त्याच्या पानांत दडपली की लवकर पिकायची. आणि आईचा दमा! थंडीत तिला बसल्या जागी धाप लागायची, काढा पोटात गेला की छाती मोकळी व्हायची. हे अण्णांना ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं.

त्या थंडीत मी कॉलेज बुडवून बनशंकरीच्या देवळापलीकडच्या माळावर गेले. तेव्हा तिथं नुसते दगड आणि झुडपं. शेजारच्या अक्कांनी खुणा सांगितल्या होत्या: पानं समोरासमोर, लांबट, टोकदार, फूल पांढरं, जबडा वासल्यासारखं, आत जांभळ्या रेषा. किती वेळ हिंडले. शेळ्यांनी आजूबाजूचं सगळं ओरबाडलं होतं, एक खुरटं झुडूप तेवढं शाबूत. पान चावून पाहिलं, कडू जहर. हाच तो. पण खुरट्या झुडपाला पानं ती किती, मूठभर निघाली.

आईनं ती धुतली, आलं ठेचून घातलं, तांब्याभर पाणी पेलाभर होईपर्यंत आटवलं. तेवढ्यात अण्णा खोकत आत आले. साधं पडसं हो, दुसरं काही नाही. आईनं मध घालून पेला त्यांच्या हातात दिला. आमच्याकडे पहिलं ताट पुरुषाचं, तसं औषधही. त्यांनी दोन घोट घेतले, तोंड वाकडं केलं आणि उरलेला काढा मोरीत ओतला.

"अण्णा, तो आईसाठी होता," मी ओरडलेच.

"सरी, बरं, मग उद्या आण की अजून," अण्णा म्हणाले.

मी आईकडे पाहिलं, आता तरी ही काही बोलेल. ती चोथ्यात पुन्हा पाणी घालून भांडं चुलीवर चढवत होती.

"मोठ्यांवर असा आवाज चढवू नये," ती मला म्हणाली. एवढं बोलायला तिला दोनदा थांबावं लागलं.