डोंगरापलीकडची आलुबुखारं

काल इथे जर्मनीत, एश्बॉर्नच्या इंडियन शॉपमध्ये कैरी मिळाली. घरी येऊन चिरली, आणि तिच्या वासाने मला वीस वर्षं मागे, आखनच्या होस्टेलच्या किचनमध्ये नेलं.

शेजारच्या खोलीतली लिन अळणी पास्ता ढवळत होती आणि मी तिला तिखटमीठ लावलेल्या कैरीचं वर्णन ऐकवत होते.

"याला आम्ही चिनी लोक आलुबुखारं बघून तहान भागवणं म्हणतो," ती हसली. "तहानेल्या सैन्याला सेनापती म्हणाला, डोंगरापलीकडे आंबट आलुबुखारांची बाग आहे. तोंडाला पाणी सुटलं आणि सगळे चालत राहिले."

"आणि बाग?"

"नव्हतीच! पण पाय चालले ना?"

मग आम्ही तो पास्ता कैरीच्या नावाने संपवला.

काल मात्र खरी कैरी समोर होती. फोड तोंडात घातली, आणि जीव तळमळला तो लिनच्या अळणी पास्त्यासाठी.