खमीस मुशैतच्या शिंप्याकडची वही

मुलाने विमानाचं तिकीट काढून दिलं, पण कुरकुरतच. "आई, अनोळखी पाकिस्तानी माणसाकडे एकटी जाणार?"

"तो सिंधी आहे. मीही आहे. यल्ला, चल आता, बॅग उचल."

मी उल्हासनगरची. घरात सिंधी, शिक्षण मराठीतून. निवृत्तीनंतर सिंधमधल्या एका राष्ट्रवादी नेत्याचं चरित्र मराठीत लिहिते आहे. लोक त्यांना साईं म्हणत. फाळणीनंतर ते तिथेच राहिले, सिंधच्या भाषेसाठी आणि पाण्यासाठी पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले आणि आत बसून कथा लिहीत राहिले. शाळेत असताना त्यांनी एक हस्तलिखित मासिक चालवलं होतं. माझे बाबा त्यांच्या वर्गात होते. "विचार त्याचे, अक्षर माझं," असं बाबा वाकडी करंगळी कागदावर टेकवून लिहिता लिहिता सांगायचे. पुरावा काहीच नाही. वडिलांची बढाई मी छापणार नव्हते. माझ्या मसुद्यात त्या वाक्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह होतं.

रियाधला मुलाकडे आले, तेव्हा त्याच्या ओळखीच्या सिंधी टॅक्सीवाल्याकडून कळलं की साईंनी नजरकैदेत सांगितलेल्या आठवणी लिहून घेणारा गुलशेर आता सौदीतच, दक्षिणेला खमीस मुशैतला शिंपीकाम करतो. वही त्याच्याचजवळ आहे.

रियाधहून आभापर्यंत विमान दोन तासांच्या आत पोचवतं. रस्त्याने जायचं तर अख्खा दिवस मोडतो. माझ्या वयाच्या बायकांनी त्या भानगडीत पडू नये. आभाच्या विमानतळावरून खमीसला टॅक्सी मिळते, भाडं आधी ठरवा. गाव डोंगरावर आहे. रियाधच्या भट्टीतून आलेल्यांनी शाल जवळ ठेवावी. आणि नमाजाच्या वेळेला दुकानं बंद मिळाली तर वैतागू नका, चहा घ्या.

गुलशेरचं दुकान बाजारात, लष्करी गणवेश शिवणाऱ्यांच्या रांगेत. साठीचा, सडपातळ माणूस. "भली करे आया, अदी," असं स्वागत केलं. अदी म्हणजे ताई, तसं अदा म्हणजे दादा. स्टूल पुसलं, पाणी दिलं, समोर बसला आणि म्हणाला, "हाल द्या."

"मी ठीक आहे, अदा. वही बघायची होती."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "वही घरी आहे," एवढंच बोलला आणि एका गणवेशाच्या खांद्यावर बिल्ला शिवायला घेतला. पाऊण तास मी मशीनचा आवाज ऐकत बसले. मग उठले.

हॉटेलजवळ गरम तमीज रोटी आणि फूल, म्हणजे घोटलेले घेवड्यासारखे दाणे, स्वस्तात मिळाले. शाकाहाऱ्यांची उत्तम सोय. पहिला घास घेतला आणि चूक लक्षात आली. उल्हासनगरच्या आमच्या खोलीत पाहुणा आला की बाबा त्याला पाणी देत आणि म्हणत, "हाल दे." मग पाहुणा घर सोडल्यापासूनचं सगळं सांगे: गाडी, हवा, कोण आजारी, कोणाकडे मूल झालं. ते संपेपर्यंत कामाचा शब्द काढायचा नसे. आम्हा मुलांना ते कंटाळवाणं वाटे. आयुष्यभर मी दोन वाक्यांत काम उरकत आले आणि शेवटी एका सिंध्याच्या दारात उद्धट ठरले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच पोचले. "अदा, काल हाल द्यायचे राहिले."

"राहिले नाहीत, अदी. तुम्ही दिले नाहीत." पण पाणी पुढे केलं.

मी सांगायला लागले. विमान, मुलाची काळजी, सुनेचे गुडघे, उल्हासनगरचं पाणी. मग मागे मागे जात बाबांपर्यंत आले. त्यांचं नाव चेलाराम, बोटीने मुंबईत उतरले, छावणीत राहिले, शाळेत सिंधी शिकवत गेले. नाव ऐकताच त्याने मशीन थांबवलं. कपाटातून अजरकमध्ये, म्हणजे सिंधी छापाच्या चादरीत, गुंडाळलेली वही काढली. पान शोधावं लागलं नाही.

सिंधीची अरबी लिपी मला वाचता येत नाही. त्याने वाचलं, मी देवनागरीत उतरवून घेतलं. साईंचे शब्द असे: मासिकात माझा कलेक्टरवर लेख होता. हेडमास्तरांनी अक्षर ओळखलं आणि चेलारामला विचारलं, लिहिलं कोणी? तो म्हणाला, मी. रूळ त्याच्या उजव्या हातावर बसत राहिला, करंगळी मोडली. माझं नाव त्याने घेतलं नाही. पुढे तुरुंगात मला नावं विचारली गेली, तेव्हा मी तो हात आठवत असे.

"पुन्हा वाचा," मी म्हणाले. त्याने वाचलं.

"साईं हे सांगताना थांबले होते," तो म्हणाला. "मला वाटलं, दमले."

निघताना त्याने अजरक माझ्या खांद्यावर घातली. शाल बॅगेतच राहिली.

उल्हासनगरला परतल्यावर आधी खोडरबर घेतलं आणि ते प्रश्नचिन्ह पुसलं. बाबा जास्त बोलले की काय, हे तपासायला गेले होते. ते अर्धंही बोलले नव्हते. मग धाकट्या भावाला बोलावलं.

"बाबांची करंगळी कशाने मोडली, माहीत आहे?"

"दारात सापडली होती ना?"

"बस," मी त्याच्यापुढे पाणी ठेवलं. "पहिल्यापासून सांगते. रियाधहून सकाळचं विमान होतं."